दोरीपलीकडच्या बायका

आमच्या वाड्यात खालच्या चौकालगतच्या दोन खोल्यांत एक काकू राहत असत. चैत्र लागला आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की आठवड्यातून तीन-चारदा त्या दुपारी चारच्या सुमारास पत्र्याची काळी ट्रंक घेऊन सांगलीच्या एस. टी. स्टँडकडे निघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही शाळेला जायच्या वेळी, तारवटलेल्या डोळ्यांनी परत येत. काकू ‘नाईट’ करत. गावच्या हौशी मंडळींनी जत्रेसाठी बसवलेल्या नाटकात नायक, खलनायक, म्हातारा बाप, विनोदी नोकर हे सगळे गावातलेच असत. स्त्रीपात्रे मात्र सांगली, मिरज किंवा कोल्हापुराहून ठरावीक रक्कम देऊन आणावी लागत, कारण गावातल्या लेकीसुनेने स्टेजवर उभे राहावे, असे कोणाच्या मनातही येत नसे. नाटकाची वही आठ दिवस आधी हाती पडे, प्रयोगाच्या संध्याकाळी एकदा उभ्याउभ्या तालीम होई आणि रात्री अकराच्या पुढे कधीतरी नारळ फुटून पडदा उघडला की नाटक पहाटेपर्यंत चाले.

मी नववीत असताना काकूंनी मला ती ट्रंक उघडून दाखवली होती. दोन नऊवारी, तीन सहावारी, विधवेच्या भूमिकेसाठी एक पांढरे लुगडे, गंगावन, सेफ्टी पिनांची डबी, पॅनकेकची झिजलेली वडी, कडा फुटलेला आरसा, आणि वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळलेले खोटे मंगळसूत्र. काकूंना नवऱ्याने लग्नानंतर दोनच वर्षांत टाकले होते. माहेरी ओझे होण्यापेक्षा त्यांनी खरे मंगळसूत्र मोडले आणि त्या पैशांत ही ट्रंक आणि पहिल्या दोन साड्या घेतल्या. दर रात्री त्या सौभाग्यवती होत आणि पहाटे ती पुडी पुन्हा बांधून ठेवत. हे सगळे त्यांनी मला इतक्या साध्या आवाजात सांगितले, की त्याचे वजन कळायला मला पुढची पंधरा-वीस वर्षे लागली.

गावात प्रेक्षकांच्या मधोमध काथ्याची दोरी बांधलेली असे. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. काकू म्हणत, ‘‘टाळ्या आन् शिट्ट्या हिकडनं येत्यात, पण नाटक बघत्यात त्या दोरीपलीकडच्या बायका.’’ त्यांची एक आठवण माझ्या मनातून कधीच गेली नाही. कुठल्याशा कौटुंबिक नाटकात दुसऱ्या अंकात नायिकेला काही वाक्ये नव्हती. नवरा आणि दीर जेवून उठतात आणि वाटणीवरून भांडत बसतात, एवढाच प्रसंग होता. काकूंनी काहीतरी करायला हवे म्हणून रिकामे पातेले पुढे ओढले, उलथण्याने खरवडले आणि ती खरवड आपल्या ताटात घेतली. नाटककाराने तिथे काहीही लिहिलेले नव्हते. पण दोरीपलीकडे हुंदका फुटला, मग दुसरा, आणि भांडणाऱ्या दोघा नटांना आपली वाक्ये मध्येच थांबवावी लागली.

मराठी नाटकांचा विचार करताना मी नकळत तेव्हापासून एकच प्रश्न विचारत आले आहे. रंगमंचावर बाई बोलते, गाते, रडते, पण तिथे तिचे ऐकते कोण? प्रेक्षक ऐकतात, हे खरे. पण नाटकाच्या आत, त्या घरात, त्या चौकात, तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांपैकी कोण ऐकते?

सांगलीत राहून हा प्रश्न टाळता येत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ याच गावात केले, आणि म्हणूनच हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. ज्या नाटकाच्या नावातच एका मुलीने आपला वर स्वतः निवडण्याची गोष्ट आहे, त्यातली सीता अर्थातच पुरुषाने रंगवली होती. मी याला दोष देत नाही, तो काळ तसाच होता. मात्र त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि त्यात एका गरोदर कुणबी स्त्रीला व तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून कसे लुबाडले जाते ते दाखवले. शेवटी ते दोघे शिकायला निघतात, नवऱ्याबरोबर बायकोही. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले आणि फुल्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. ज्यांचे मूळ गाव साताऱ्याजवळचे कटगुण, त्या माणसाच्या या नाटकाकडे आमची नाट्यपंढरी कितीतरी वर्षे वळलीच नाही, याची मला खंत वाटते.

आजीचे माहेर हरिपूरचे. सांगलीहून चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवे, हे तिचे जग. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचेच. इथल्या पारावर बसून त्यांनी ‘शारदा’ लिहिले, असे गावात अजूनही सांगतात. किर्लोस्कर मंडळींनी ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगमंचावर आणले. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला आपली कोवळी मुलगी पैशासाठी देऊ पाहणारा कांचनभट, असहाय आई, मैत्रिणींमध्ये हसता हसता काळवंडून जाणारी शारदा, या सगळ्यांना आजी शेजाऱ्यांसारखी ओळखत असे. ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद ती पेवाच्या काठावर खेळणाऱ्या मुलांना हाक मारावी तितक्या सहजपणे गुणगुणायची.

आजीचे लग्न १९३४ साली तासगावला झाले. तासगाव तेव्हा इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होते, त्यामुळे तिथे बालविवाह प्रतिबंधक कायदा लागू होता. १९२९ साली मंजूर झालेल्या आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या त्या कायद्याने मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले होते. आजी तेरा वर्षांची होती. कोणी विचारलेच तर चौदा सांगायचे, असे तिला बोहल्यावर चढण्याआधी दोनदा बजावले गेले. वर एकतीस वर्षांचा बिजवर. त्या कायद्याला ती ‘शारदा कायदा’ म्हणायची, आणि देवलांचे नाटक पाहून सरकारने तो केला यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो, हे मी कॉलेजात शिकून येऊन तिला सांगितले, तेव्हा ती गहू निवडत होती. तिने मान वर न करता म्हटले, ‘‘असू दे. नाव तिचंच लागलं ना.’’

शारदेचे ऐकते कोण, हा प्रश्न मी आजीला विचारला होता. ती म्हणाली, आई ऐकते, मैत्रिणी ऐकतात, पण त्यांच्या हातात काही नसते, आणि ज्याच्या हातात सगळे आहे तो बाप ऐकत नाही. हे नाटकाबद्दल होते की तिच्या स्वतःच्या लग्नाबद्दल, ते मी विचारले नाही. पुढे लग्न मोडते, ते वधू-वर सगोत्र असल्याचे उघडकीला आले म्हणून. शारदेने नको म्हटले, एवढे कारण त्या समाजाला पुरेसे नव्हते, आणि देवलांनी ते पुरेसे असल्याचा आव आणला नाही, यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. तरीही शारदा नदीकडे धावते त्या जागी माझ्या पोटात अजून कालवते. हरिपूरच्या घाटावर उभे राहून कृष्णेचे पाणी पाहिले की ते दृश्य नुसते नाटकातले राहत नाही.

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सिंधूपाशी, १९१९ मध्ये, हे ऐकणे जवळजवळ संपूनच जाते, कारण सिंधू बोलतच नाही. ती दळते, उपाशी राहते, भावापासून घरची दैना लपवते आणि शेवटपर्यंत नवऱ्याविरुद्ध एक अक्षर काढत नाही. बालगंधर्वांनी या भूमिकेत महाराष्ट्राला रडवले. आजीच्या पिढीतल्या बायकांना नेसणे, चालणे, अंबाड्यात फूल माळणे हेसुद्धा बालगंधर्वांनी शिकवले असे म्हणतात. मला त्या कलेबद्दल नितांत आदर आहे. पण बाईने कसे सोसावे याचा वस्तुपाठही त्याच वेळी घरोघर पोचला, ही गोष्ट त्या आदरापोटी गिळून टाकता येत नाही.

त्याच काळातला एक सवाल-जवाब मात्र मला फार प्रिय आहे. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘बायकांचे बंड’ लिहिले. महाभारतातल्या प्रमिलेच्या स्त्रीराज्याची ती गोष्ट, आणि अर्थातच ते बंड शेवटी मोडते. जळगावच्या गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये ‘पुरुषांचे बंड’ लिहून त्याला उत्तर दिले. घरात बसून नाटक वाचणारी बाई नाटकानेच उत्तर देते, ही केवढी मोठी घटना आहे! याच गिरिजाबाई १९२८ साली मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याही आधी, १९०४ मध्ये, हिराबाई पेडणेकरांनी ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले होते. ही नावे नाट्यपंढरीत वाढलेल्या मला शाळेत कोणी सांगितली नाहीत.

स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याचा विषय निघाला की १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’चे आणि त्यातल्या ज्योत्स्नाबाई भोळ्यांचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. पण वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर त्याच्या कितीतरी आधी बोर्डावर उभी होती. तिला आपण नाटकाच्या इतिहासात धरत नाही, तमाशाच्या इतिहासात टाकतो. घरंदाज बाई रंगमंचावर आली तेव्हा क्रांती झाली, आणि पवळा नाचली तेव्हा नुसती करमणूक झाली, हा हिशेब जातीचा आहे, कलेचा नाही. काकूंनाही आयुष्यभर हाच हिशेब सोसावा लागला. शहरातल्या हौशी संस्थेत काम करणारी मुलगी ‘कलाकार’, आणि नाईट करणाऱ्या काकू ‘नाटकातली बाई’.

एका गावात तर प्रयोग संपल्यावर पहिल्या एस. टी.पर्यंत थांबायला त्यांना शाळेची जी खोली दिली होती, तिला आतून कडीच नव्हती. काकू आणि त्यांच्याबरोबरची दुसरी नटी, दोघी ट्रंका दाराला लावून त्यांच्यावर पाठ टेकून बसून राहिल्या. बाहेर पावले वाजत होती. थोड्याच वेळापूर्वी त्याच गावाने त्यांच्या ‘बहिणी’च्या भूमिकेवर डोळे पुसले होते.

मी स्वतः रंगमंचावर कधी गेले नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून एका हौशी संस्थेत प्रॉम्प्टिंग करायचे, हातात वही धरून विंगेत उभी राहायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्या संस्थेने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतले. १९६७ चे ते नाटक. एका गावी प्रयोगाला आलेली हौशी नाट्यमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि खेळता खेळता त्यांच्यातल्याच अविवाहित शिक्षिकेचे, लीला बेणारेचे, खासगी आयुष्य फाडून काढतात. शेवटी बेणारे बोलते, दीर्घ, भरभरून, जीव पिळवटून बोलते, आणि त्या वेळी बाकीची पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात. तिचे एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वही धरून मी ते स्वगत पन्नासदा तरी ऐकले असेल, आणि दर वेळी मला आजीचे म्हणणे आठवले. शारदेपासून बेणारेपर्यंत अडुसष्ट वर्षे गेली, बाई गाण्यावरून बोलण्यावर आली, आणि रंगमंचावरचे लोक अजून ऐकत नव्हते.

आमची बेणारे एका कार्यालयात नोकरी करणारी मुलगी होती. तालीम रात्री नऊला, एका शाळेच्या हॉलमध्ये. तिचा धाकटा भाऊ बाहेर लूनावर बसून राही. चौथ्या आठवड्यात तिचे लग्न ठरले, आणि ठरल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला, की भूमिका कसली आहे ते आमच्या कानांवर आले आहे. ती शेवटच्या दिवशी येऊन वही परत देऊन गेली. तिच्या वहीत स्वगताच्या पानांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत. कुठे श्वास घ्यायचा तिथे छोटी रेघ, कुठे पाठ फिरवायची तिथे बाण. एका वाक्याशेजारी तिने लिहिले होते, ‘इथे रडायचे नाही’. भूमिका मिरजेच्या दुसऱ्या मुलीने केली, आणि चांगली केली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

मधल्या वर्षांत बरेच काही घडत होते, आणि ते सगळे इथे मांडायला मी बसलेले नाही. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये लालन सारंगांच्या चंपाने जो गदारोळ उडवला, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्याच वर्षीच्या ‘हिमालयाची सावली’कडे मात्र पुन्हा पाहायला हवे. रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या समाजसुधारकाच्या घरातली बायो उभी केली. जगातल्या साऱ्या बायकांची दुःखे ऐकणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचे ऐकायला किती वेळ उरतो, हे कानेटकरांना दिसले, हे त्यांचे मोठेपण.

ऐंशीच्या दशकात नाटक नाट्यगृहाबाहेर पडले. स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून वस्त्यांमधून, गावांमधून केले. आमच्या जिल्ह्यात कासेगावच्या इंदुमती पाटणकर टाकलेल्या बायकांना गोळा करत होत्या. ‘परित्यक्ता’ हा शब्द काकूंनी पहिल्यांदा त्या चळवळीच्या सभेतच ऐकला. आपल्याला एक नाव आहे आणि आपल्यासारख्या पुष्कळ आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ सुरू केले. नायगावात जन्मलेली सावित्री लुगडे नेसून समोरच्या बायकांशी थेट बोलू लागली आणि रंगमंचावर ऐकणारे कोणी नसेल तर प्रेक्षकांनीच ऐकणारे व्हावे, असा मार्ग तिने काढला. आणि इथेच, सांगलीत, वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या स्त्रियांनी आपल्या आयुष्यावर स्वतः नाटक उभे केले. ज्यांच्यावर शंभर वर्षे ‘पतित स्त्री’च्या भूमिका लिहिल्या गेल्या, त्या स्वतःच बोलायला उभ्या राहिल्या, याहून मोठी गोष्ट भाव्यांच्या गावाने अलीकडे पाहिली असेल असे मला वाटत नाही.

प्रशांत दळवींचे ‘चारचौघी’ १९९१ मध्ये आले. आई आणि तीन मुलींच्या त्या नाटकातला विद्याचा फोन ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत हे कळल्यावर ती त्याच्याशी फोनवर बोलते, आणि प्रेक्षकांना फक्त तिचेच बोलणे ऐकू येते. मी तो प्रवेश पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीने थरारले. पलीकडे तो होता. त्याला ऐकावेच लागत होते, आणि त्याचे उत्तर आम्हाला ऐकवण्याची गरज नाटककाराला वाटली नव्हती. वंदना गुप्तेंनंतर २०२२ मधल्या नव्या संचात मुक्ता बर्वेने तो फोन केला, तेव्हा प्रेक्षागृहात माझ्या मुलीच्या वयाच्या मुली होत्या आणि त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, ताठ बसून ऐकत होत्या.

‘संगीत देवबाभळी’ सांगलीत आले तेव्हा मी काकूंना घेऊन गेले. काकू आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि एका डोळ्याने दिसत नाही. प्राजक्त देशमुखांच्या त्या नाटकात दोनच स्त्रिया आहेत. तुकोबांना भाकरी द्यायला निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, आणि तिची देखभाल करायला साक्षात रखुमाई लखुबाई होऊन येते. दोघींचे नवरे रंगमंचावर नाहीत. एकीचा अभंगात रमलेला, दुसरीचा भक्तांत. दोघी भांडतात, टोमणे मारतात, चूल पेटवतात, आणि मग हळूहळू एकमेकींचे ऐकू लागतात. काकू पूर्ण नाटकभर माझा हात धरून बसल्या होत्या. आवली एका जागी भांडे नुसतेच हलवते, तिथे त्यांची बोटे घट्ट झाली.

प्रयोगानंतर मी त्यांना धरून विंगेच्या दाराशी नेले. रंगमंचावरची मंडळी सामान आवरत होती. दोघी मुलींनी वाकून नमस्कार केला आणि काकूंनी त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. मला वाटले, त्या अभिनयाबद्दल काही बोलतील. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाकडे तोंड वळवले.

‘‘पोरींचा मुक्काम कुठं हाय आज?’’

त्याने हॉटेलचे नाव सांगितले.

‘‘खोलीला आतनं कडी हाय न्हवं?’’